दिसू लागल्यानंतरचा उपचार

नेत्रवैद्याच्या दवाखान्यातील बाके बहुधा वृद्धांनी भरलेली असतात. मोतीबिंदूने दृष्टी मंदावलेले आजोबा, काचबिंदूचे थेंब वर्षानुवर्षे घालीत आलेल्या आजीबाई, मधुमेहाने डोळ्याच्या पडद्याला उपद्रव झालेले पेन्शनर, अशी मंडळी एकमेकांच्या व्याधींची आपुलकीने विचारपूस करीत आपली पाळी येईपर्यंत तेथे बसून असतात. आणि वयाबरोबर दृष्टीही थोडीफार ओसरणारच, हा जगाचा शिरस्ता त्यांनी मनोमन मान्य केलेला असल्यामुळे त्यांच्या मुद्रेवर काळजी असली तरी आक्रोश नसतो. या बाकांवर अधूनमधून एखादा वीस-पंचवीस वर्षांचा धट्टाकट्टा तरुण येऊन बसतो. त्याच्या डोळ्यात लाली नसते, पाणी नसते, वेदना तर नसतेच. काल रात्री निजताना त्याला स्वच्छ दिसत होते आणि आज सकाळी उठून पाहतो तो एका डोळ्यापुढे अंधार. विदर्भातील शासकीय रुग्णालयात आणि पुढे स्वतःच्या दवाखान्यात डोळ्याच्या पडद्याचे विकार हाताळण्यात माझे आयुष्य गेले. त्यात या तरुणांना होणाऱ्या ज्या एका व्याधीने मला सर्वाधिक काळ गुंतवून ठेवले, तिचे नाव ईल्स रोग. दृष्टिपटलातील रक्तवाहिन्यांना, त्यातही विशेषेकरून नीलांना, दाह होऊन उद्भवणारा हा विकार जगाच्या पाठीवर दुर्मीळ खरा. पण आपल्या देशात तो पाश्चात्त्य देशांच्या मानाने पुष्कळच अधिक आढळतो, आणि भारतीय नेत्रविभागांत येणाऱ्या दर दोनशे ते अडीचशे रुग्णांमागे एक असे त्याचे प्रमाण ग्रंथांत नमूद केलेले आहे.

या रुग्णांची कैफियत ऐकण्यासारखी असते. कोणी वनरक्षक, कोणी कोळशाच्या खाणीतला कामगार, कोणी ट्रकवरचा क्लीनर नुकताच ड्रायव्हर झालेला, कोणी पोलीसभरतीसाठी पहाटे मैदानावर धावणारा. "डोळ्यापुढं धूर आला जी," असे एक जण म्हणतो. दुसरा सांगतो की आधी काळे दोरे तरंगताना दिसले, मग त्यांचे जाळे झाले आणि संध्याकाळपर्यंत समोरचा माणूस ओळखू येईना. वेदना नसल्यामुळे घरच्यांचा प्रथम विश्वासच बसत नाही. कामावर जायचे टाळतो आहे, अशी शंका बापाच्या मनात येऊन जाते. आई मीठमिरच्या ओवाळते. गुलाबपाण्याचे आणि मधाचे प्रयोग होतात. आणि या साऱ्या उपायांत दहाबारा दिवस गेल्यावर डोळ्यापुढचा धूर किंचित विरळ झाला, तर त्या मधाला श्रेय मिळते. पुष्कळ रुग्ण पहिल्या रक्तस्रावानंतर आमच्यापर्यंत पोहोचतच नाहीत, ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या रक्तस्रावानंतर येतात. कारण पहिला आपोआप निवळलेला असतो.

तपासणीचा विधी सांगतो. डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी होईपर्यंत अर्धा तास जातो. मग अंधाऱ्या खोलीत रुग्णाला उताणे निजवून वैद्य डोक्याला दिव्याचे यंत्र बांधतो आणि हातातले भिंग डोळ्यासमोर धरून आत पाहतो. हे दोन्ही डोळ्यांनी पाहण्याचे यंत्र चार्ल्स शेपेन्स या बेल्जियन नेत्रवैद्याने दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस सिद्ध केले, आणि पडद्याचा अगदी कडेचा प्रदेश त्यामुळे वैद्याच्या नजरेच्या टप्प्यात आला. ज्या डोळ्याने दिसेनासे झालेले असते, त्यात पाहावे तर काहीच दिसत नाही. निरोगी डोळ्यात जो तांबूस उजेड परतून येतो, त्याच्या जागी काळपट धूसरता असते, कारण डोळ्याच्या पोकळीतील पारदर्शक काचद्रवात रक्त मिसळलेले असते. अशा वेळी तो डोळा तूर्त बाजूस ठेवून ज्या डोळ्याबद्दल रुग्णाची मुळीच तक्रार नाही, त्याची साक्ष घ्यावी लागते. मी रुग्णाला पायांकडे पाहायला सांगतो, पापणीवरून एका बोथट सळईने अलगद दाब देतो, आणि पडद्याची दूरची कड भिंगात तरंगत वर येते. मध्यभागी सारे यथास्थित असते. नीला आपल्या गडद लाल रंगाने वळणे घेत कडेकडे निघालेल्या असतात. पण एखादी नीला वाटेतच पांढऱ्या आवरणात शिरते, थोडे अंतर त्या आवरणातूनच चालते, तिच्या काठाने रक्ताचे बारीक ठिपके सांडलेले असतात, आणि त्यापलीकडचा पडदा निस्तेज, राखी दिसू लागतो. त्याच डोळ्याने रुग्णाने थेंब घालण्यापूर्वी तक्त्यावरची शेवटची ओळ न अडखळता वाचलेली असते. या व्याधीच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत आज ना उद्या दोन्ही डोळे सापडतात. परंतु ते एकाच वेळी सापडत नाहीत, आणि या मधल्या मुदतीत वैद्याला जे काय करायचे ते करून घ्यावे लागते.

हेन्री ईल्स हा इंग्लंडातील बर्मिंगहॅमचा नेत्रवैद्य. त्याने १८८० साली तेथील वैद्यकीय नियतकालिकात पाच तरुणांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांच्या डोळ्यांत वारंवार रक्तस्राव होत असे, नाकातूनही रक्त जात असे आणि मलावरोधाचा विकार जडलेला असे. रक्तवाहिन्यांवरील मज्जातंतूंचे नियंत्रण बिघडल्याने हे घडत असावे, असा त्याने तर्क केला. दाहाचा उल्लेख त्याच्या लेखात नाही. ती बाब काही वर्षांनी वॉड्सवर्थ नावाच्या दुसऱ्या वैद्याने नोंदली. मलावरोधाची आणि नाकातील रक्ताची सांगड पुढे टिकली नाही, तर्कही टिकला नाही, राहिले ते ईल्सचे नाव. त्याचा लेख प्रसिद्ध झाल्यानंतर दोनच वर्षांनी, १८८२ च्या मार्चमध्ये, रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला, आणि तरुणांच्या या नेत्ररोगाचा क्षयाशी काही संबंध आहे की काय, हा जो प्रश्न पुढे उपस्थित झाला तो अजूनही पुरता निकालात निघालेला नाही.

तो प्रश्न आमच्याकडे पुस्तकी राहत नाही. रुग्ण समोर बसला की कारणाचा शोध सुरू होतो. रक्तातील साखर पाहावी लागते, उपदंशाची चाचणी करावी लागते, छातीचे क्ष-किरण चित्र घ्यावे लागते, हातावर मांटू चाचणी टोचून दोन-तीन दिवसांनी तिचा फुगवटा मोजावा लागतो. तोंडात आणि गुप्तांगांवर वारंवार व्रण येतात काय, हेही विचारावे लागते. कारण बेशेट नावाचा दुसरा एक रोग याच वाटेने पडद्यापर्यंत येतो. विदर्भात आणखी एक खातरजमा करावीच लागते, ती म्हणजे सिकलसेलची. तांबड्या पेशींचा हा आनुवंशिक दोष आमच्या भागातील अनेक आदिवासी व अन्य समाजांत मोठ्या प्रमाणावर आहे, आणि त्याच्यामुळेही पडद्याच्या कडेचा रक्तपुरवठा तुटून तेथे नव्या, कच्च्या वाहिन्या उगवतात. एवढे सारे पाहून झाल्यावर काहीही हाती लागले नाही, म्हणजे मग केसपेपरवर ईल्स रोग असे लिहायचे. अन्य सर्व संशयितांना सोडून दिल्यानंतर उरलेल्याला हे नाव द्यावयाचे, असा या निदानाचा रिवाज आहे.

क्षयाचे काय करावे, येथे मात्र वैद्याची खरी कसोटी लागते. मांटू चाचणी बऱ्याच रुग्णांत ठळक येते. पण ज्या देशात अगणित निरोगी माणसांच्या अंगात क्षयाचे जंतू निद्रिस्त पडून आहेत, तेथे त्या फुगवट्याने काय सिद्ध होते? चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील संशोधकांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या काचद्रवात आणि पडद्यावरील पापुद्र्यांत क्षयजंतूंच्या जनुकद्रव्याचा मागोवा घेतला. काही रुग्णांत तो लागला, सर्वांत लागला नाही. जंतू प्रत्यक्ष डोळ्यात येऊन दाह घडवतो, की शरीरात अन्यत्र असलेल्या जंतूच्या प्रथिनांवर चिडलेली प्रतिकारशक्ती पडद्यातील नीलांवर तुटून पडते, या दोन पक्षांत दुसऱ्याकडे माझा कल आहे. परंतु कल म्हणजे पुरावा नव्हे. छातीत किंवा गाठीत क्षयाची खूण दिसली, अथवा चाचण्यांचा एकंदर रोख तिकडेच असला, तर छातीच्या वैद्याशी विचारविनिमय करून चार औषधांचा पूर्ण क्रम सुरू करावा, आणि तशी खूण नसताना केवळ मनाच्या समाधानासाठी तो कोणावर लादू नये, असे धोरण मी ठेवीत आलो. कारण ही औषधेही निरुपद्रवी नाहीत. त्यांतील एथॅम्ब्युटॉलने क्वचित डोळ्याच्या मुख्य मज्जातंतूलाच इजा होते, म्हणजे ज्या दृष्टीच्या रक्षणासाठी औषध द्यायचे तिच्यावरच ते उलटू शकते. सबब दर भेटीत रंग ओळखण्याची परीक्षा घ्यावी लागते. रिफॅम्पिसीनने लघवी नारिंगी होते हे आधी सांगितले नाही, तर रुग्ण घाबरून गोळ्या सोडतो; आणि हेच औषध यकृताला उत्तेजित करून स्टिरॉइडचा अंमल कमी करते, हे वैद्याने विसरून चालत नाही.

कारण दाह शमविण्याचे मुख्य काम स्टिरॉइडकडेच असते. प्रेडनिसोलोनच्या गोळ्या, साधारणपणे शरीराच्या दर किलो वजनामागे १ मिलिग्रॅम या मानाने, सकाळी न्याहारीनंतर सुरू करायच्या आणि दाह ओसरू लागला की आठवड्याआठवड्याने उतरवत न्यायच्या. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात चौथ्या-पाचव्या आठवड्यात पोराचा चेहरा वाटोळा होतो, भूक अनावर होते, कपाळावर पुरळ उठते, आणि गावात पोराची तब्येत सुधारली म्हणून कौतुक होऊ लागते. उलटपक्षी शेजारचा कोणी शहाणा सांगतो की या गोळ्या वाईट, त्या एकदम बंद कर. एकदम बंद केल्याने दाह उसळतोच, शिवाय बाहेरून मिळणाऱ्या स्टिरॉइडवर विसंबून सुस्तावलेल्या ग्रंथी ऐनवेळी शरीराला साथ देत नाहीत आणि जीवावरही बेतू शकते. म्हणून गोळ्यांचा उतरता हिशेब मी छापील चिठ्ठीवर न लिहिता दिनदर्शिकेच्या पानावर लिहून देत असे, कारण चिठ्ठी खिशात विरते आणि दिनदर्शिका भिंतीवर राहते.

आता या व्याधीतील सर्वांत फसव्या टप्प्याकडे येतो. काचद्रवातील रक्त बहुधा आपोआप शोषले जाते. रुग्णाने उशी उंच घेऊन अर्धवट बसल्यासारखे निजावे, जड उचलू नये, कुंथू नये, म्हणजे रक्त खाली बसते आणि मधला मार्ग मोकळा होतो. आत काही दिसत नसल्याने पडदा जागेवर आहे ना, याची सोनोग्राफीने वेळोवेळी खातरी करून घेत वैद्यही वाट पाहतो. आणि सहा आठवड्यांत, दोन महिन्यांत, ज्याला बोटेही मोजता येत नव्हती तो वर्तमानपत्र वाचू लागतो. रुग्णाच्या लेखी येथे प्रकरण मिटले. वैद्याच्या लेखी ते येथे सुरू होते, कारण आता कोठे आत पाहता येते, आणि जे दिसते ते अनेकदा असे की रक्त गेले आहे पण रक्त सांडणारी वाहिनी जागच्या जागी आहे. माझ्या साऱ्या अनुभवाचे सार सांगायचे तर हेच की या रोगावरचा खरा उपचार दिसू लागल्यानंतरचा असतो. आणि ज्याला दिसते त्याला उपचाराची गरज पटवणे हे औषध देण्यापेक्षाही कठीण असते.

हे मी एका वनरक्षकाच्या हकिकतीने स्पष्ट करतो. त्याचे गाव धानाच्या मुलखातले, वय चोविशीचे. डाव्या डोळ्यातला रक्तस्राव निवळत आला होता आणि उजवा डोळा ६/६ होता. मी फ्लोरेसीनची तपासणी केली. यात हाताच्या शिरेतून एक पिवळा रंग सोडतात. दहा-पंधरा सेकंदांत तो डोळ्यात पोहोचतो आणि निळ्या प्रकाशात पडद्याची क्रमाने छायाचित्रे घेता येतात. पुढे दिवसभर रुग्णाची कातडी आणि लघवी पिवळी राहते. १९६० च्या सुमारास अमेरिकेत इंडियानामधील नोव्हॉटनी आणि अल्व्हिस या दोन तरुणांनी ही युक्ती काढली, आणि रक्तवाहिन्यांचे जे दुखणे नुसत्या नजरेला अदमासाने समजत होते ते कागदावर उतरू लागले. या वनरक्षकाच्या चांगल्या म्हटलेल्या उजव्या डोळ्यात कडेला रुंद काळे पट्टे होते, म्हणजे तेथवर रंग पोहोचलाच नव्हता. आणि त्या काळ्या प्रदेशाच्या सीमेवर एक पांढरा पुंजका दर छायाचित्रागणिक फुगत, पसरत चालला होता, म्हणजे तेथून रंग पाझरत होता. मी लेझरची तजवीज करू म्हटले. पोरगा गप्प राहिला, बापाने विचारले, "डॉक्टरसाहेब, या डोळ्यानं तर याले सारं दिसते. मंग बऱ्या डोळ्याले कायले डागता जी?"

प्रश्न रास्त होता, आणि पुस्तकी उत्तर त्याच्या उपयोगाचे नव्हते. मी छायाचित्रे दिव्यासमोर धरली आणि जे घडते ते क्रमाने सांगितले: दाहाने नीला चिंबल्या, कडेचा पडदा रक्तावाचून उपाशी राहिला, उपाशी पडदा एक द्रव्य सोडतो, त्या द्रव्याने नव्या वाहिन्या उगवतात, पण त्या ठिसूळ असतात आणि काचद्रवाच्या ओढीने फुटतात. म्हातारा बराच वेळ त्या काळ्या पट्ट्यांकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे नहराच्या शेवटच्या वावराले पानी नाही पोचत, आन् तो गडी रातीच नहर फोडते, तसं म्हणा ना." मी होय म्हटले, आणि पुढचे त्याच्याच हिशेबाने सांगितले की जे वावर भिजणारच नाही ते पडीत टाकले, तर तेथून पाण्याचा तगादा येत नाही आणि नहर फोडायला कोणी जात नाही. लेझरने कडेचा निरुपयोगी पडदा आपण होऊन पडीत टाकायचा, म्हणजे मधला कसदार पडदा वाचतो. त्यानंतर मी इतर अनेक रुग्णांना हा रोग याच शब्दांत समजावून दिला. त्याहून नेमके स्पष्टीकरण मला एकाही ग्रंथात सापडले नाही.

लेझरचा विधी रुग्णाला आधी नीट सांगावा लागतो. बुबुळ बधिर करणारे थेंब घालून त्यावर भिंग बसवतात, हनुवटी यंत्रावर टेकवून बसवतात, आणि हिरव्या प्रकाशाचे शेकडो झटके एकामागून एक कडेच्या पडद्यावर सोडतात. प्रत्येक झटक्यासरशी पडद्यावर फिकट पांढरा ठिपका उमटतो. मध्यभागी फारसे कळत नाही, पण कडेला काही जागी झटका डोळ्याच्या मागे ठणकतो, आणि संपल्यावर काही काळ सारे जग जांभळट दिसते. दाह धगधगत असताना हे करता येत नाही, केल्यास सूज वाढते; म्हणून आधी स्टिरॉइडने दाह उतरवायचा आणि मग लेझर. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, लेझरने दृष्टी यत्किंचितही वाढत नाही, ती जशी आहे तशी राहावी एवढ्यासाठी तो करायचा असतो, हे आधी सांगितले नाही तर रुग्ण आठ दिवसांनी फसवल्याची फिर्याद घेऊन येतो. प्रकाशाने पडदा डागण्याची कल्पना जर्मनीतील मायर-श्विकेराथ यांना १९४५ च्या सूर्यग्रहणानंतर सुचली. ग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहिल्यामुळे पडद्यावर पडलेला डाग त्यांनी तपासला होता, आणि जी इजा आंधळे करते तीच मोजून-मापून केली तर डोळा राखील काय, असा विचार त्यांनी केला. प्रथम सूर्यप्रकाशच वापरून, नंतर झेनॉनच्या दिव्याने त्यांनी तो सिद्धीस नेला. लेझर पुढे आला.

त्या वनरक्षकाचा उजवा डोळा तीन बैठकांत डागून झाला आणि त्याने त्यानंतर दगा दिला नाही. डावा मात्र पुन्हा भरला, आणि त्याच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. रक्त तीन महिन्यांत निवळले नाही, किंवा नव्या वाहिन्यांभोवती तंतू जमून ते पडद्याला खेचू लागले, तर काचद्रव काढून टाकण्यावाचून गत्यंतर नसते. हे काम एके काळी अशक्य मानले जाई. १९७० साली रॉबर्ट माखेमर यांनी मायामीमध्ये डोळ्याच्या पांढऱ्या भागातून बारीक हत्यार आत घालून, काचद्रव कातरत आणि ओढून घेत ते साध्य केले. आज तीच शस्त्रक्रिया सुईच्या जाडीच्या छिद्रांतून टाका न घालता होते. अलीकडे आतड्याच्या कर्करोगासाठी निघालेले बेव्हासिझुमॅब हे औषध अल्प मात्रेत डोळ्यात टोचतात, त्याने नव्या वाहिन्या झपाट्याने सुकतात. परंतु तंतूंचे जाळे आधीच जमलेले असेल तर ते आकसून पडदा सुटण्याची भीती असते, म्हणून त्याचा वापर विवेकानेच करावा लागतो. त्या तरुणाला डाव्या डोळ्याने हालचालीपुरते आणि मोठी अक्षरे वाचण्यापुरते दिसू लागले. पडदा एकदा ताणला गेला की शस्त्रक्रिया कितीही निर्दोष झाली तरी गमावलेले सारे परत येत नाही.

याच्या उलट उदाहरणेही पुष्कळ. एक ट्रकचालक पहिला रक्तस्राव निवळताच गाडी घेऊन निघून गेला. पत्रे धाडली, गावच्या माणसाकरवी निरोप पाठवले, पण गडी रस्त्यावर. तो पुन्हा आला तेव्हा एका डोळ्याचा पडदा पूर्ण सुटून वाळल्या पानासारखा आखडला होता आणि दुसरा रक्ताने भरला होता. त्याला मी दोष कसा देऊ? त्याला दिसत होते, गाडीचे हप्ते चालू होते, आणि दिसणाऱ्या माणसाने एका दिवसाचा रोज बुडवून, भाडे खर्चून, दिसते की नाही हे विचारण्यासाठी दवाखान्यात यावे, ही अपेक्षा पोट हातावर असलेल्याला चमत्कारिकच वाटणार. ही व्याधी ज्या वयात गाठते, त्या वयात माणूस कुटुंबाचा कमावता हात होण्याच्या बेतात असतो, आणि त्यामुळे उपचाराचा प्रत्येक दिवस त्याच्या मिळकतीतून वजा होतो.

येथेच दाखल्यांचा प्रश्न उभा राहतो, ज्याचा पाठ्यपुस्तकात उल्लेख नसतो. भरतीचा उमेदवार म्हणतो, साहेब, दृष्टी ६/६ आहे एवढेच लिहा, बाकीचे लिहू नका. कचेरीतील कारकून विचारतो, हा इसम कामास लायक की नालायक, एका शब्दात कळवा. सोयरीक ठरलेल्या मुलाचा मामा बाजूला घेऊन सुचवतो की कागदावर रोगाचे नाव नसले तर बरे. मी आजची दृष्टी आजच्या तारखेने लिहून देत असे, रोगाचे नाव लपवत नसे, आणि उद्याची हमी कोणासही देत नसे. परंतु त्याबरोबरच हेही लिहीत असे की हा रोग संसर्गजन्य नाही, तो डोळ्यापुरताच राहतो, वेळेवर उपचार झाल्यास यातील बहुसंख्य माणसे निदान एका डोळ्याची उत्तम दृष्टी राखतात, आणि काही वर्षांनी दाह पुष्कळदा आपण होऊन विझतो. दोन ओळींच्या दाखल्यात सत्य आणि दिलासा या दोहोंना जागा करून देणे हे लेझरइतकेच बारकाईचे काम आहे, असे मला नेहमी वाटत आले. जड वाहन चालवण्याचे काम मात्र मी कोणाच्याही भिडेखातर मंजूर केले नाही. ज्याच्या डोळ्यापुढे घाटाच्या ऐन वळणावर रक्त उतरू शकते, त्याच्या हाती परक्यांचे प्राण सोपवणे मला मान्य नव्हते.

वैद्यकात यश म्हटले की आपल्यापुढे पट्टी काढताच आनंदाश्रू गाळणारा रुग्ण उभा राहतो. ईल्स रोगातील यश तसे नसते. वर्षामागून वर्षे केसपेपरवर तीच नोंद पडते, दृष्टी पूर्ववत, नवा रक्तस्राव नाही, पुढील तपासणी सहा महिन्यांनी; आणि काहीही न घडल्याची ही कंटाळवाणी नोंद हाच आमचा विजय असतो. तो साजरा करण्यासाठी रुग्ण पेढे आणत नाही, कारण त्याच्या दृष्टीने काही घडलेलेच नसते. तरुण वैद्यांना मी एवढेच सांगेन की या रोगात हाताच्या कौशल्याइतकाच पाठपुराव्याचा बंदोबस्त महत्त्वाचा आहे. रुग्णाचा आणि त्याच्या घरच्या एका जाणत्या माणसाचा पत्ता लिहून घ्यावा, न आलेल्याची चौकशी करावी, आणि ती करण्यात आपला मोठेपणा कमी होतो असे मानू नये.

वाचकांनाही एक विनंती आहे. आपल्या घरातील एखाद्या तरुणाने डोळ्यापुढे काळे ठिपके किंवा दोरे तरंगतात, धूर येतो असे सांगितले, तर डोळा लाल नाही आणि दुखत नाही म्हणून ते हसण्यावारी नेऊ नका. बाहुली मोठी करून पडदा तपासणाऱ्या वैद्याकडे त्याला त्याच आठवड्यात न्या, आणि दोन्ही डोळे तपासले गेले आहेत याची स्वतः विचारून खात्री करून घ्या. त्याला पुन्हा दिसू लागले तर आनंद अवश्य माना, पण केसपेपरवर लिहिलेली पुढची तारीख औषधाचाच एक भाग समजून चुकवू नका.